झाकण दातानं उघडलं, एवढंच

आमच्या घरात कुठलंही झाकण अडकलं की बाटली माझ्याकडे यायची. थंडीत खोबरेल तेलाची, पोरीच्या खोकल्याच्या औषधाची, फिनेलची, फवारणीच्या औषधाची. खोकल्याच्या औषधाचं झाकण साखर वाळून चिकटतं. फवारणीच्या बाटलीच्या आट्यांत माती जाते. फिनेलचं का अडकतं ते मला अजून कळलेलं नाही, पण अडकतं. मालक एकदा पिळायचे, दोनदा पिळायचे, मग चिडून म्हणायचे, "हे घे. तुज्या दाताला दे."

माझे दात चांगले होते. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला अख्खी सुपारी दातानं फोडताना पाहिलं होतं. तेव्हापासून त्या बायकांत सांगायच्या, "आमच्या सुनेला अडकित्ता लागत न्हाई. तिचं तोंडच अडकित्ता हाय, पर बोलताना उघडत न्हाई." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. मला चारचौघांत बोलायची लाज वाटते, लहानपणापासून. चौथीनंतर शाळा सुटली ती शेरडं वळायला, आणि शेरडांशी बोलायला लाज लागत नाही. तर त्या दातांचं कौतुक मला आवडायचं. दुसरं कसलं कौतुक फारसं कुणी केलं नव्हतं.

आता मी बरी आहे. हाताला अजून मुंग्या येतात, म्हणून अक्षर असं वाकडं येतं. हे मी माझ्यापुरतं लिहिते आहे. पण कधी कुणा बाईच्या हाती लागलं, तर तिनं वाचावं.

त्या दिवशी

आमचं गाव नेकनूरपासून आत आहे. थोडी कोरडवाहू जमीन आणि शेरडं-मेंढरं. पावसाळा सरता सरता शेरडांना गोचिडं फार होतात. त्या दिवशी मालक बाजाराला गेले होते, पोरगी निता शाळेत होती, आत्याबाई घरात डाळ निवडत बसल्या होत्या. एका करडाच्या कानात मला गोचिडांचे घोसच्या घोस दिसले. मालकांनी दोन दिवसांपूर्वी नवीन औषध आणून गोठ्यात खिळ्याला अडकवलं होतं. ते पाण्यात मिसळून फडक्यानं लावायचं असतं. म्हटलं, जेवायच्या आत लावून टाकावं.

करडू गुडघ्यांत दाबून धरलं आणि बाटली काढली. झाकण नुसतं गरगर फिरत होतं. कटकट आवाज यायचा, पण ते वर येत नव्हतं. झाकणावर एक बाण होता आणि इंग्रजी अक्षरं होती. मला वाटलं, आट्या झिजल्यात. पदर गुंडाळून पाहिला, तरी तेच. करडू ओरडत होतं, हिसके देत होतं. मी बाटली एका हातात आवळून धरली आणि झाकण दाढांत धरून ओढलं.

ते एकदम निघालं. मऊ प्लास्टिकची बाटली माझ्या मुठीत दाबली गेली आणि पिचकारी सरळ तोंडात आली. एक घोट घशाखाली गेला. मी गिळला नाही, तो गेला. उरलेलं हनुवटीवरून झंपरात उतरलं. तोंडात रॉकेलसारखी चव, आणि जीभ जाड झाल्यासारखी.

मी थुंकले. शेरडांच्या पाण्याच्या टाकीशी जाऊन खूप चुळा भरल्या. तेव्हाच ओरडायला हवं होतं. मी ओरडले नाही.

का ओरडले नाही हे मला कितीतरी जणांनी विचारलं. आमच्या भागात बाईच्या तोंडात असलं औषध गेलं तर कसं गेलं हे कुणी विचारत नाही. का घेतलं, एवढंच विचारतात. गावभर होईल, आत्याबाईंकडे बोट दाखवतील, मालकांना कुणी काही बोलेल. त्यापेक्षा थुंकून टाकलंय, झालं, असं मी मनाला सांगितलं. करडाला औषध लावलं. झंपर अंगावरच वाळलं. ते बदलायला हवं हेही मला माहीत नव्हतं.

भाकऱ्या करायला बसले तेव्हा तोंडाला पाणी सुटायला लागलं, थांबेचना. पदरानं पुसत होते. अंगाला घाम, पोटात पीळ. तव्यावरची भाकरी धूसर दिसायला लागली. आत्याबाई जवळ आल्या.

"का गं, वास कशाचा येतोय तुज्या अंगाला?"

"कायबी न्हाई."

"अगं, लाळ गळाया लागलीय की तुजी!"

"कायबी न्हाई म्हणलं ना आत्याबाई."

नंतर मी चुलीपाशीच कलंडले. आत्याबाईंची किंकाळी ऐकल्याचं आठवतं. शेजारची माणसं जमली. कुणी दूध पाजा म्हणालं, कुणी तूप पाजा म्हणालं. दोन्ही पाजलं. पुढं डॉक्टर त्यावरून फार रागावले. पण पाजणाऱ्यांच्या हाती दुसरं काय होतं? एकाची जीप मिळाली आणि मला बीडला नेलं.

जीप येईपर्यंत आत्याबाईंनी एक काम केलं. त्यांनी झाकण चुलीत टाकलं आणि बाटली उकिरड्यात पुरली. भीतीपोटी. पोलीस आले तर घरात बाटली सापडू नये म्हणून. त्यांनाही वाटलं होतं की मी घेतलं.

दवाखाना

दवाखान्यात कपडे काढून मला साबणानं धुतलं. परक्या माणसांसमोर. एरवी मी त्या लाजेनंच मेले असते, पण तेव्हा पोट आतून मुरगळत होतं आणि श्वासाला आत जागा नव्हती. नाकातून नळी घातली. तरुण डॉक्टर कानाशी मोठ्यानं विचारत होते, "किती घेतलं? काय घेतलं? कावून घेतलं?"

मी म्हणाले, "झाकण..." पुढचं लाळेत बुडालं.

"नाव सांगा औषधाचं. बाटली कुठंय?"

आत्याबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. "बाटली न्हाई, सायेब. आमाला काय ठावं?"

तोवर बाजारातून परस्पर मालक आले होते. त्यांना आईचं तोंड वाचता येतं. ते तिला बाहेर घेऊन गेले, काय बोलले माहीत नाही, पण तसेच गावाकडे पळाले. उकिरडा हातानं उकरून बाटली घेऊन आले. नर्सबाई नंतर सांगत होत्या, मालकांच्या कोपरापर्यंत शेण होतं आणि डॉक्टरांनी बाटली तशीच त्यांच्या हातातून ओढून घेतली. ती आली म्हणून उपचार बरोबर झाले. पण ती लपवली होती हेही सगळ्यांनी पाहिलं.

मग इंजेक्शनं सुरू झाली. त्यांनी लाळ आटली ती इतकी की जीभ टाळूला चिकटली. अंग भाजायला लागलं. आणि डोकं फिरलं. चादरीवर गोचिडं दिसायची, मी ती वेचत बसायचे. वेचून वाटीत टाकायचे. वाटी नव्हती. हात खाटेला बांधावे लागले.

त्या भ्रमात मी सोनीला हाका मारल्या, असं म्हणतात. सोनी माझी पहिली मुलगी. निताच्या आधीची. तीन वर्षांची असताना तापानं गेली. घरात आम्ही तिचं नाव घेत नाही. कुणी तसं ठरवलं नाही, तसंच झालं. आणि मी दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणत होते, "थांब सोने, आले. थांब की."

मालक खाटेपाशी होते. त्यांनी ते ऐकलं.

मग मान उचलेना. हे सगळ्यात भयंकर. मला वाटलं होतं, उतरलं आता, बरं वाटतंय, आणि उशीवरून डोकं उचलायला गेले तर डोकं माझं नव्हतंच. थोड्या वेळात श्वासही माझा राहिला नाही. घशात नळी घातली आणि मशीन माझ्यासाठी श्वास घेऊ लागलं. मला सगळं ऐकू येत होतं. बोलता येत नव्हतं. जन्मभर बोलायला लाजले, आणि जेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं तेव्हा घशात नळी.

दवाखान्यात दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी फरशीला फिनेल लागतं. मग सलाईन बदलतात. मग मोठे डॉक्टर येतात, पायाच्या तळव्यावर काहीतरी ओढतात, "जोर लावा" म्हणतात. मग भेटायची वेळ. मग काही नाही. छतावरचा पंखा. एक आया होती, जाड, सतत कुणाला ना कुणाला शिव्या देणारी. ती न सांगता यायची, कापूस ओला करून माझ्या ओठांवर फिरवायची आणि म्हणायची, "सोड आता मशीनीला. तिला दुसऱ्या बायकांकडं जायचंय." मला तिचा आधार वाटायचा. ती मला कधीच विचारायची नाही, का घेतलं म्हणून.

दादा

उमापूरहून माझा भाऊ आला, दादा. एकटा आला नाही, जीपभर माणसं घेऊन आला. आयसीयूच्या बाहेर त्याचा आवाज मला आत ऐकू येत होता.

"काय केलं बे माज्या बहिणीला? सांग ना! आता कावून गप बसलास?"

मालकांचा आवाज आलाच नाही.

"बाटली पुरली यांनी! उकिरड्यात पुरली! ही म्हातारी काय साधी न्हाई. दोघांना बी आत घालतो."

आत्याबाई रडत होत्या. कुणीतरी म्हणालं, आधी बाई शुद्धीवर येऊ द्या, तिचा जबाब होऊ द्या. त्यावर दादा म्हणाला, "ती काय बोलणार? ती गाय हाय. लहानपणापासून तिला मारलं तरी ती बोलली न्हाई."

म्हणजे मी बोलायचं होतं. मी बोलले नाही, किंवा नीट बोलले नाही, तर मालक आणि आत्याबाई तुरुंगात. निता घरी शेजाऱ्यांच्या हवाली होती. नळी घशात असताना मी एकच करत होते. ते वाक्य मनात घोकत होते. शाळेत पाढे घोकायचो तसं.

नळी काढली. आवाज घोगरा, फुटका. दुसऱ्या दिवशी पोलीस हवालदार आले. त्यांच्यासोबत डॉक्टर, आणि दाराशी दादा. घरातली माणसं त्यांनी बाहेर ठेवली. हवालदार वयस्क होते, दमलेले. त्यांनी खुर्ची ओढली.

"बोला ताई. घाबरू नका. कुणाचा दबाव हाय का?"

"न्हाई."

"मग औषध कसं घेतलं?"

"घेतलं न्हाई. गोचिडाच्या औषधाचं झाकण निघंना. दातानं ओढलं. तोंडात उडालं."

ते लिहिता लिहिता थांबले. "घरात कुणाला सांगितलं?"

"न्हाई."

"कावून?"

"लाज वाटली."

"चुकून गेलं तर लाज कशाची, ताई?"

उत्तर होतं, पण ते एवढ्या माणसांत मांडण्याएवढे शब्द नव्हते.

"झाकण कुठंय? दाताच्या खुणा असतील त्याच्यावर."

"चुलीत टाकलं म्हणतात."

त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग मला अगदी मायेनं म्हणाले, "ताई, या वॉर्डातली परत्येक बाई म्हणती चुकून गेलं. कुणी खोकल्याचं समजून, कुणी पाणी समजून. नवऱ्याला वाचवाया. मी तुमच्या भावासारखा हाय. खरं सांगा."

माझं खरं आणि त्या सगळ्या बायकांचं खोटं, दोन्ही एकसारखंच दिसत होतं. वेगळं दाखवायला माझ्यापाशी काही नव्हतं. मी नुसतं पुन्हा म्हणाले, "झाकण दातानं उघडलं, एवढंच." आणि पुन्हा. तिसऱ्यांदा म्हणताना रडायला आलं, आणि रडणं तर आणखीच खोटं दिसतं.

त्यांनी मी सांगितलं तसं लिहिलं. मी सही केली. मालकांवर केस झाली नाही.

दादा खाटेपाशी आला. माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग काढून घेतला. "वाचवलंस त्याला," तो म्हणाला. "बरं केलंस. पण आता माज्या दारात येऊ नको. पुन्हा असं ऐकायची ताकद न्हाई मला."

"दादा, खरंच सांगतेय रं."

तो गेला. अजून आलेला नाही. दिवाळीला भाऊबीजेचं ताट मी केलं होतं.

शेजारची खाट

आयसीयूतून मला साध्या वॉर्डात आणलं. शेजारच्या खाटेवर मंगल नावाची बाई होती. केज तालुक्यातली, माझ्याहून लहान. तिच्या जबाबात होतं, खोकल्याचं औषध समजून घेतलं. तिच्याकडे भेटायला येणारी माणसं भिंतीकडे बघत बसायची.

एका दुपारी तोंडावर चादर ओढून ती म्हणाली, "ताई, तुमी खरंच दातानं उघडलं ना?"

"हो."

"मला वाटलंच."

मी तिच्याकडे वळले. इतक्या दिवसांत हे पहिलं माणूस. "तुला कसं कळलं?"

"तुमी सारखं झाकणाचं सांगता. कसं फिरलं, कसा आवाज आला." तिनं तोंडावरची चादर खाली केली. "मला माझ्या बाटलीचं झाकण आठवतच न्हाई. उघडलं असंल की म्याच. पर आठवत न्हाई."

मी हात लांब केला. खाटांत अंतर होतं, पोचला नाही. तिनं विचारलं, तुमची पोरगी कितवीला आहे. मी सांगितलं, नववीला. ती म्हणाली, "माजा पोरगा आंगणवाडीत हाय. लई वांड हाय. कुणाचं ऐकत न्हाई." आणि हसली.

तिला बरं वाटत होतं. सगळे म्हणत होते, दोन दिवसांत घरी. मग तिची मान उचलेना झाली. मला ते लगेच कळलं, मी ओरडून सिस्टरला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढ्यानं ओरडले. तिला पळवत नेलं. ती परत आली नाही. संध्याकाळी त्या जाड आयानं खाटेवरची गादी उलटी केली, नवी चादर घातली, आणि कुणालाच शिव्या दिल्या नाहीत.

माझ्यावर विश्वास ठेवणारी एकच होती, आणि ती गेली. असं लिहिताना मला माझीच लाज वाटते, की तिच्या मरणातही मला माझं आठवलं. पण तसं झालं खरं.

घरी सोडायच्या आधी सिस्टर एका बाटलीतलं औषध मोजून देत होत्या. त्यांनी झाकणावर तळहात दाबला, आणि दाबून फिरवलं. निघालं. मी म्हटलं, पुन्हा करून दाखवा.

"हे? हे असंच असतंय मावशी. आधी खाली दाबायचं, मग फिरवायचं. नुसतं फिरवलं तर गरगर फिरतंय. लेकरांनी चुकून उघडू नये म्हणून केलंय."

म्हणजे ते अडकलेलंच नव्हतं. ते जसं असायला हवं तसंच होतं. चुकून कुणाच्या तोंडात जाऊ नये म्हणून तसं होतं.

रात्रीचं औषध घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

घरी

घरी आले तर फळीवर एकही बाटली नव्हती. फिनेल नाही, फवारणीचं नाही, खोबरेल तेलसुद्धा नाही. केसांना लावायचं तेल निता हातावर घालून आणून द्यायची. सगळं पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली निताच्या गळ्यात. सकाळी उठल्या उठल्या ती येऊन मला मिठी मारायची. पूर्वी मारत नसे. मला छान वाटलं. मग एके दिवशी ध्यानात आलं, ती माझ्या तोंडाचा वास घेते.

ती मिठी मारायला आली की तोंड उघडून श्वास सोडायचे. तिचं तिला कळावं म्हणून.

बायका बघायला यायच्या. "आता कसं हाय?" म्हणायच्या आणि डोळ्यांनी आत्याबाईंना शोधायच्या. आत्याबाई बाहेर यायच्याच नाहीत. सुनेला अडकित्ता म्हणणारी ती बाई, आता माझ्याशी बोलताना आवाज इतका खाली आणायची की मला पुन्हा विचारावं लागायचं. त्या मला भ्यायच्या. एकदा भाजीत मीठ जास्त पडलं तर त्यांनी सगळी भाजी मुकाट्यानं खाल्ली. मला वाटलं, बोला, दोन शिव्या द्या, पण असं खाऊ नका.

आणि मालक. ते बाजाराला जायचे बंद झाले. बोकडं विकायची असली तर शेजाऱ्याच्या हाती पाठवायचे. शेरडं माळावर न्यायचे ती घर दिसेल एवढ्याच अंतरावर. मी विहिरीकडे निघाले की घागर माझ्या हातातून घ्यायचे. माझ्यावर कधी चिडले नाहीत. ते काळजी घेत होते, मला दिसत होतं. पण ती एखाद्या फुटक्या भांड्याची घ्यावी तशी होती. हात लावला तर आणखी तडा जाईल अशी.

दवाखान्यातून सुटका होते. याच्यातून होत नव्हती.

कुणाला उपयोग व्हावा म्हणून

दाताला कुठलीच बाटली लावू नका. तेलाची असली तरी. सवय लागते, आणि मग हातात कुठली बाटली आहे हे दात बघत नाहीत.

झाकण फिरतंय पण निघत नाही, तर आधी दाबून बघा. तेलाचं किंवा खोकल्याच्या औषधाचं चिकटलं असेल तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा, थोडा वेळ थांबा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा झाकणाभोवती धरला की हात घसरत नाही. फवारणीच्या किंवा गोचिडाच्या औषधाला मात्र यातलं काहीच करू नका. बाटली आवळू नका, तापवू नका, सुईनं भोक पाडू नका. दुकानात परत न्या आणि त्यालाच उघडायला सांगा. हसला तर हसू द्या.

आणि गेलंच तोंडात, पडलंच अंगावर, तर कपडे तिथल्या तिथं काढा, साबणानं धुवा, आणि ओरडा. लोक काय म्हणतील ते नंतर म्हणतीलच. बाटली सोबत न्या. लपवू नका. माझं लपवणं आणि आत्याबाईंचं लपवणं, या दोन्हींनी मिळून माझं खरं खोटं केलं.

माळावर

परवाची गोष्ट. दुपारी मी मालकांची भाकरी घेऊन माळावर गेले. लिंबाखाली बसून ते एका शेळीची वाढलेली खुरं साळत होते. मी शेळीची मान धरली. हाताला तेवढा जोर आलाय आता. खुरं झाली, शेळी सोडली, ते भाकरी खायला बसले. निम्मी खाल्ली आणि थांबले.

"एक इचारू?"

"इचारा."

"म्या काय केलतं?"

"कायबी न्हाई केलं तुमी."

"मंग कावून घेतलंस?"

हा प्रश्न त्यांनी इतके महिने पोटात ठेवला होता. दवाखान्यात नाही, घरी नाही. मी नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. ते वाक्य मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यात आता काही उरलं नव्हतं.

ते म्हणाले, "सोनीला हाका मारत व्हतीस. थांब, आले म्हणत व्हतीस. मला ऐकू आलं की." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कदीच मनात आलं न्हाई तुज्या?"

कधीच नाही, असं म्हणणं सोपं होतं. तेच म्हणायला हवं, असं कुणीही सांगितलं असतं. मी म्हणाले, "आलतं."

त्यांचा हात भाकरीवरच राहिला.

"सोनी गेली त्या साली. हिरीवर गेलते. घागर घेऊन, पाण्याच्या निमतानं. लई येळ उभी व्हते. खाली बघत. मग कुणाची तरी मोट... न्हाई, मोटार चालू झाली, पाणी हालाया लागलं. घागर भरली आन माघारी आले. कुणाला सांगितलं न्हाई."

"आन त्या दिवशी? औषधाच्या?"

"त्या दिवशी करडाच्या कानात गोचिडं दिसली. जेवायच्या आत लावून टाकावं म्हणलं. दुसरं कायबी मनात नव्हतं. भूक लागली व्हती मला."

शेरडं सावलीत येऊन बसली. ते मातीत काडीनं रेघा ओढत होते आणि पायानं पुसत होते.

"म्या बी गेलतो," ते म्हणाले.

"कुटं?"

"त्याच हिरीवर. सोनीचं दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू मायेरी व्हतीस. मला पोहाया येतंय, म्हणून उतरलो न्हाई. म्हणलं, बुडायचं न्हाई आपण, नुसतं हसं व्हईल."

मला हसू आलं. इतकं वाईट ऐकून हसू यावं याचं मला भय वाटलं, पण आलं. त्यांनीही तोंड पुसल्यासारखं केलं. मग त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मीही पदर डोळ्याला लावला नाही. किती वर्षं एकाच विहिरीचं पाणी दोघं भरत होतो.

त्यांनी उरलेली भाकरी संपवली, पाणी प्यायले, उठले, आणि शेरडं उठवायला हाळी दिली. चार पावलं गेल्यावर वळून म्हणाले,

"उद्या नेकनूरच्या बाजारला जावं म्हणतो. दोन बोकडं काढायचीत. सांजच्याला येईन."

"जावा," मी म्हणाले. "येताना निताला वह्या आणा."